नत्थूचं ताट

कोंबडा सकाळपासून आंगणातल्या खुंट्याला बांधला होता, आणि त्याच्याहून जास्त तळमळत होते रोहण्याचे जावई.

रूपरावजींचा तेवीस वर्षांचा नेम होता. पोळा आपल्या घरी, पण पोळ्याची कर सासुरवाडीला, आंजीत. बायको सोबत आली तर आली, नाही तर एकटे. ह्या वर्षी तिला ताप होता, तरी हा गृहस्थ पहिल्या एसटीनं उतरला. आल्या आल्या पाय धुण्याआधी कोंबड्याच्या छातीवर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, औंदा माल चांगला हाये."

सासरे नानाजी ढगे ओसरीत बाजेवर बसले होते. अडुसष्ट वर्षांचे. तरुणपणी तालमीत घुमलेले. एक कान कुस्तीत चेचून भज्यासारखा झालेला. ते "हूं" म्हणाले. नानाजींचं दिवसभराचं बोलणं साधारण एवढंच असायचं.

करीच्या दिवशी आंजीत ज्या घरातून मसाल्याचा वास येत नाही, तिथे कोणी आजारी आहे का अशी चौकशी होते. आदल्या दिवशी बैलांच्या नावानं पुरण खाऊन तोंडं गोडावलेली असतात, त्याचा दुसऱ्या दिवशी तिखटानं वचपा काढायचा. पण ढग्यांच्या घरची कर नुसती कर नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी ह्याच दिवशी नानाजींचा धाकटा भाऊ नत्थू लढाईत मेल्याची तार आली होती, बर्मेच्या हद्दीवरून. तेव्हापासून करीचं पहिलं ताट नत्थूचं.

नत्थूचा फोटो घरात नव्हता. काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. म्हणून मग ती तारच फ्रेम करून देव्हाऱ्याजवळ टांगली, आणि दर करीला तिला हळदकुंकू लावलं. काच पहिल्याच वर्षी फुटली, तेव्हा हळदकुंकू थेट कागदावर. पस्तीस वर्षांत तारेवर इंग्रजांचं एक अक्षर धड शिल्लक राहिलं नाही. तिच्यासमोर ताट ठेवायचं. सगळी कलेजी, दोन्ही तंगड्या, वरून तर्री, दोन भाकरी, कांदा, लिंबाची फोड. घटकाभर ठेवायचं. मेलेला काही जेवत नाही, म्हणून त्याच्या नावाचं ताट त्याच्या बायकोनं जेवायचं, भिंतीकडे तोंड करून, आणि ती जेवेस्तोवर बाकीच्यांनी तिच्याकडे पाहायचं नाही.

ती बायको म्हणजे धुरपता. वर्षाचे बाकीचे दिवस ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीजवळ, उरलंसुरलं जेवायची. घरात कोणी वाईट नव्हतं हो. तशीच रीत होती, आणि रीतीला कोणी वाईट म्हणत नाही.

*

बाराच्या एसटीनं नलू उतरली तेव्हा तिचे वडील बबनराव फाट्यावर येऊन उभे होते. पोरगी वर्ध्याला कचेरीत टायपिस्ट होती आणि दर शनिवारी यायची, पण तिला घ्यायला बाप फाट्यावर येण्याची ही पहिलीच वेळ.

"आलं?" बबनराव म्हणाले.

"आलं."

"पलटन कोनची हाये?"

"घरी चला नं बाबा. सगळ्यांसमोर वाचते."

बबनराव पंचायतीचे मेंबर होते. शाळेच्या फाटकाशी दगड बसवायचा, गावातून लढाईत गेलेल्यांची नावं कोरायची, ही कल्पना त्यांचीच. गावातून गेलेले मोजून दोन. त्यातला एक त्यांचा काका. दगड येऊन पडला होता, कोरणारा पुलगावहून दोनदा येऊन परत गेला होता. नावाखाली पलटन लिहायची होती आणि ती घरात कोणालाच माहीत नव्हती. बबनरावांच्या मनात तलवारीचं चित्र होतं. दोन तलवारी, फुलीसारख्या.

तीन वर्षं नलू पत्रं पाठवत होती. पहिल्या पत्राला उत्तर आलं, शिपायाचा नंबर कळवा. नंबर तारेवर होता आणि तारेवर कुंकू होतं. नलूनं फ्रेम खाली काढून ओल्या कापसानं पुसायला घेतली, तर आजीनं, रुख्माबाईनं, असा गहजब केला की शेजारचे धावून आले. शेवटी नलूनं जे अंक दिसले ते लिहिले, जे दिसले नाहीत ते सोडले, आणि त्या अर्धवट नंबरावर ती कचेऱ्यांचे दरवाजे ठोठावत राहिली. ह्या शहरातून त्या शहरात. हट्टी पोरगी. हट्ट कोणाकडून आला म्हणाल, तर ह्या घरात तो सगळ्यांकडेच होता, फक्त वापरायची मुभा पुरुषांना होती.

ओसरीत सगळे जमले. नानाजी बाजेवर, रूपरावजी खुंट्याजवळ, बबनराव उभेच. रुख्माबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट्यावरचा मसाला तसाच सोडून आलेली. धुरपता तिच्या मागे, दाराच्या आड. समोर भासरे, म्हणजे थोरले दीर नानाजी, बसलेले, तेव्हा डोईवरचा पदर कपाळाच्या खाली. छत्तीस वर्षांत ती नानाजींशी एक शब्द बोललेली नव्हती. भासऱ्याशी बोलायचंच नसतं.

"लहान्या आबाजीची फाइल नाई सापडली," नलू म्हणाली. नत्थूला ती लहाने आबाजी म्हणायची. "पावसात भिजून गेली म्हनते."

"मंग तीन वर्सं तू केलं काय?" बबनराव ओरडले.

"आयका तं खरं! मानसाची फाइल गेली, पन खेचराची हाये."

"कोनाची?"

"खेचराची. लहाने आबाजी ज्या खेचरासंगं होते, त्या खेचराची चौकशी झालती. तिची नक्कल धाडली हाये."

बाहेर तान्ह्या पोळ्याची तयारी करणाऱ्या पोरांचा गलका चालला होता, लाकडी बैलांची चाकं खडखडत होती.

"खेचर कंपनी," नलू वाचत सांगू लागली. "रसद वाहून न्यायची, डोंगरातून. खेचर नंबर अमुक. रंग करडा. वय नऊ. डाव्या मांडीवर जुना वळ. स्वभाव हट्टी, पन कामाले चांगलं."

"आन काकाजीचं वय?" रूपरावजींनी विचारलं.

"थे नाई लिहिलं."

"रंग?"

"नाई. खेचराबद्दल अकरा ओळी हाये, लहान्या आबाजीबद्दल तीन."

बबनरावांनी डोक्याला हात लावला. "अगा माय! आता दगडावर काय खेचर कोरू? गावातले पोट्टे मले मेंबर म्हनतीन का काय म्हनतीन?"

"बंदूक होती का नाई त्याच्यापाशी?" रुख्माबाई म्हणाली.

"बंदुकीचं काई नाई. डब्यांचं हाये. मटनाचे डबे, पलटनीच्या जेवनाचे. अठ्ठेचाळीस. तोफेचा गोळा पडला, लहाने आबाजी जागच्या जागी..." नलू थांबली. तिनं हे बसमध्ये तीनदा वाचलं होतं. "जागच्या जागी गेले. खेचर पळालं. मंग चौकशी बसली."

"मेला कसा म्हनून?" बबनरावांनी विचारलं.

"डबे कुठं गेले म्हनून."

नानाजींनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"पुढचं आयका. डबे चोरले का काय, असा संशय घेतला. तर तिथल्या हवालदारानं लिहून देल्लं." नलूनं कागद डोळ्यांजवळ धरला. "सदर चालक मांस खात नव्हता. मांसाऐवजी रोज दूध घेत होता. सबब मांसाचे डबे त्यानं चोरले असा संशय घेता येत नाही."

रूपरावजींच्या हातातून विडी गळून पडली.

*

आता जे झालं ते ढग्यांच्या घरात आजवर वाटण्यांच्या वेळीही झालं नव्हतं. एका ओळीनं घराचे दोन तुकडे पडले, कोंबडावाले आणि पुरणवाले.

"मांस खात नव्हता?" रुख्माबाईचा आवाज चढला. "पस्तीस वर्सं आपुन त्याच्यापुढं कोंबडा ठेवून राह्यलो! मेलेल्या मानसाले बाटवलं आपुन!"

"मामी, मामी, जरा दमानं," रूपरावजी उठून उभे राहिले. "कागद कोनाचा हाये? खेचराचा. खेचराच्या कागदावर मानसाचं जेवन ठरवता का?"

"सरकारी शिक्का हाये त्याच्यावर!"

"शिक्का खेचरावर हाये!"

बबनराव इतका वेळ कपाळाला हात लावून होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. दगड उघडायला वर्ध्याहून एक खादीवाले म्हातारे पाहुणे येणार होते, मीठसुद्धा मोजून खाणारे. त्यांच्यापुढे तलवारीपेक्षा हे बरं नाही का? लढाईत गेला आणि मांसाला शिवला नाही. भाषणच तयार झालं की!

"आई बरोबर म्हनते," ते म्हणाले. "लोकाइले समजलं तं काय म्हनतीन? हा मानूस लढाईत बी दुधावर राह्यला, आन त्याच्या घरचे त्याच्या नावानं तंगड्या तोडून राह्यले. सोडा तो कोंबडा."

"बबनभाऊ, मले हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं," रूपरावजी म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मागच्या पंचायतीच्या इलेक्शनला ह्याच मेव्हण्यासाठी ते रोहण्याहून बैलगाडी घेऊन प्रचाराला आले होते.

बबनरावांनी जाऊन कोंबडा सोडला. कोंबड्यानं दोन पावलं टाकली आणि सवयीनं तिथेच उभा राहिला. रूपरावजींनी त्याला पुन्हा बांधला. बबनरावांनी पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा रूपरावजींनी त्याला काखेत घेतला आणि बाजेवर सासऱ्याशेजारी जाऊन बसले.

"मामाजी, तुमी बोला. तुमी मोठे हाये."

नानाजी नलूच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

"मले सांगा," रूपरावजी काकुळतीला आले, "पस्तीस वर्सं काकाजी गप बसला का नाई? ताट आवडलं नसतं तं कोनाच्या सपनात आला असता का नाई? घरात दुखनं नाई, बैल मेला नाई. म्हंजे त्याले चाललं!"

"मेलेले काई उठून सांगत नाई," रुख्माबाई म्हणाली. "कालचं पुरन उरलं हाये. पुरनाचं ताट ठेवू. आन दरसाल तेच."

हे म्हणताना रुख्माबाईच्या पोटात काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक. पहाटे उठून मसाला तिनं वाटायचा. कोंबडा तिनं शिजवायचा. पस्तीस वर्षं कलेजी तिनं हातानं वेचून त्या ताटात ठेवली होती, आणि एक कणही आपल्या तोंडात टाकला नव्हता, कारण ती मेलेल्याची. आणि ती खायची कोण, तर धाकटी जाऊ, जिनं नवऱ्याची भाकरही धड आठवडाभर थापली नव्हती. राग रुख्माबाईला एकट्या धुरपताचा नव्हता. पण समोर तीच होती.

ती सावकाश मागे वळली. "पन मले एक समजत नाई. थो मांस खात नव्हता, तं मंग तवा सांगतलं कोनं, का त्याले कलेजी आवडे म्हनून?"

ओसरीतली सगळी माणसं दाराकडे बघू लागली.

*

धुरपतानं पदर आणखी खाली ओढला. ही वेळ कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. नलूनं पहिलं पत्र टाकलं त्या दिवसापासून ती हिशोब करत होती की कागदावर काय काय येऊ शकतं. तो कसा मेला ते येईल, कुठे मेला ते येईल. पण सरकार माणसाचं जेवणही लिहून ठेवतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ताट गेलं तर काय जाणार होतं? दोन तंगड्या आणि मूठभर कलेजी. लोक हसतील असल्या गोष्टीला. पण त्या ताटावर ती माणूस असायची. त्या दिवशी तिच्यासाठी घर थांबायचं. तिनं हात धुतल्याशिवाय भासरेसुद्धा पाटावर बसत नसत. ते गेलं की मग पुढच्या करीपासून मरेस्तोवर चूल आणि उरलंसुरलं.

खोटं बोलता आलं असतं. "लढाईत गेल्यावर सोडलं असन त्यानं," एवढं म्हटलं असतं तर रूपरावजींनी ते उचलून धरलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण नलूच्या हातात तो कागद होता आणि पोरगी तिच्याकडे अशी बघत होती, की जणू तीन वर्षं तिनं ते सगळं सरकारसाठी नाही, ह्या एका बाईसाठी केलं. आणि केलं होतंच.

"नले," धुरपता दाराआडून म्हणाली. "तुह्या आबाजीले सांग."

नानाजी चार हातांच्या अंतरावर बसले होते, एक कान चेचलेला असला तरी दुसरा चांगला होता. पण रीत म्हणजे रीत.

"आबाजी, लहानी आजी म्हनते, आबाजीले सांग."

"आयकून राह्यलो म्हना," नानाजी म्हणाले.

"ते आयकून राह्यले."

"सांग का, मले नाई माहीत त्याले काय आवडे."

"तिले नाई माहीत, लहान्या आबाजीले काय आवडे."

"अकरा दिवस मी नांदली त्याच्यासंगं. त्यातले चार दिवस मागच्या दारी बाहेर बसलेली होती."

नलूनं हे वाक्य वडिलांसमोर कसं म्हणायचं ते ठरवेपर्यंत धुरपताच पुढे बोलली. "राह्यले सात. सात दिवसांत थो मले तीन गोष्टी बोलला. दार लाव. कंदील बारीक कर. आन जाताना म्हने, येतो. मी सोळा वर्सांची होती. म्या त्याचं तोंडबी नीट पाह्यलं नाई, बापा. आज रस्त्यानं गेला तं वळखाची नाई मी त्याले."

आता नलू काही सांगत नव्हती. तिची गरजच राहिली नव्हती.

"तार आली त्या दिवशी करीचं शिजून राह्यलं होतं. चार बाया जमल्या. सासूबाईनं मले पुढं बसवलं आन इचारलं, पोरी, काय आवडे वं माह्या नत्थ्याले? त्याचं ताट कराचं हाये. सगळ्या माह्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. बायको मी, आन मले सांगाले काईच नाई! नाई माहीत म्हनलं असतं तं म्हनल्या असत्या, कशाची बायको ही? चुलीवरून वास येऊन राह्यला होता. सकाळपासून पोटात काई नव्हतं. मी म्हनलं, कलेजी." तिनं श्वास घेतला. "कलेजी मले आवडे. त्याचं मले माहीत नाई."

कोणीतरी आता काहीतरी भयंकर बोलणार असं सगळ्यांना वाटलं. बोलली रुख्माबाई.

"मले बी आवडे!"

ती एवढ्यानं ओरडली की रूपरावजींच्या काखेतला कोंबडा फडफडला.

"पस्तीस वर्सं झाले, म्या माह्या हातानं येचून देते! मले आवडे का नाई, हे कोनं इचारलं मले? तुले निदान इचारलं तं! माहा नवरा जिता हाये म्हनून मले कोनी इचारलंच नाई!" आणि ती उंबऱ्यातच खाली बसली आणि मसाल्याच्या हातानं डोळे पुसले. मग तर खरंच पाणी वाहायला लागलं. धुरपतानं धावत जाऊन तांब्या आणला. भासऱ्यांसमोरून पदर न सावरता गेली, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

*

"नले," नानाजी म्हणाले. "दुधाचं वाच."

नलूनं वाचलं. मांसाऐवजी रोज दूध घेत होता.

"रोज लिवलं हाये?"

"हो, आबाजी. रोज."

"किती?"

"थे नाई लिहिलं."

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचलं. नानाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"नत्थ्या माळकरी नव्हता," ते म्हणाले. "करीले रश्श्यात बोटं बुडवू बुडवू चाटे. हाडं फोडून खाये."

"मी काय म्हनत होतो!" रूपरावजी म्हणाले.

"मंग पलटनीत त्यानं मांस खात नाई असं काऊन सांगतलं, बाबा?" बबनरावांनी विचारलं.

"दुधासाठी."

बाजेवरचा हा माणूस एवढं सलग बोललेला घरात कोणी ऐकला नव्हता. तो बोलत होता आणि आपल्या हातांकडे पाहत होता.

"घरात एक म्हैस होती. सगळं दूध मले. मी तालमीत जात होतो, मी गावाचं नाव काढनार होतो. नत्थ्या माह्याहून तेरा वर्सांनी लहाना. त्याचं काम काय, तं सकाळी दुधाचा लोटा घेऊन तालमीत याचं. म्या पिऊन होयेस्तोर हौदाच्या काठावर बसे. रिकामा लोटा वापस न्याचा. एक दिवस दूध पातळ लागलं. म्या इचारलं, तं खरं सांगून टाकलं त्यानं. म्हने, दादा, अर्धं पेलो आन हिरीचं पानी टाकलं. म्या त्याले..." नानाजी थांबले. "वहान काढली म्या. सगळ्या पैलवानासमोर. सात-आठ वर्सांचं पोट्टं. मंग त्यानं कधी दूध मांगतलं नाई. मलेबी वाटलं, याले आवडतच नाई."

एवढा दांडगा माणूस, रडायची सवय नाही, त्याला रडावं कसं तेच कळेना. खोकल्यासारखा आवाज आला आणि मग ते नुसते हलत राहिले. रूपरावजींनी घाबरून कोंबडा खाली ठेवला आणि सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

नलूनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "शेवटची एक ओळ राह्यली," ती हळूच म्हणाली. "खेचर तीन दिवसांनी वापस आलं. डबे सगळे होते. चौकशी बंद केली. नुकसान, निरंक."

"निरंक म्हंजे?" धुरपतानं विचारलं.

"म्हंजे काईच गेलं नाई."

धुरपता बबनरावांकडे वळली. "बबन, तुह्या दगडावर खेचर लिवाचं तं लिव. त्याच्यासंगं शेवटी तेच होतं. पन निरंक नोको लिवू."

"नाई, काकू," बबनराव म्हणाले. त्यांना एकदम लाज वाटली, कशाची ते सांगता आलं नसतं.

जरा वेळानं रूपरावजींनी घसा साफ केला. वेळ चुकीची आहे हे त्यांनाही कळत होतं, पण सूर्य कलायला लागला होता. "मामाजी... म्हंजे मंग... कोंबड्याचं?"

"काप," नानाजी म्हणाले. "आन दूध आना कोनी."

*

दूध बबनराव स्वतः जाऊन घेऊन आले, शेजारच्या गोठ्यातून, काठोकाठ लोटाभर. तारेसमोर पाट मांडला. दूध ठेवलं, ताट ठेवलं. बाहेर पोरांच्या लाकडी बैलांची मिरवणूक चालली होती, आणि घरातली माणसं भुकेनं कासावीस होऊन त्या कुंकवाच्या कागदासमोर बसली होती.

घटका झाली. आता नवीनच पंचाईत. नत्थूच्या नावाचं जे असेल ते त्याच्या बायकोनं घ्यायचं, आणि धुरपताला दूध चालत नव्हतं. लहानपणापासून वासानंही ओकारी यायची.

"मी घेतो, धर्माचं काम हाये," रूपरावजी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

नानाजी उठले. लोटा दोन्ही हातांनी उचलून ते परत बाजेवर जाऊन बसले. पिईनात. नुसता धरून बसले, लोक रेल्वेत दुसऱ्याचं सामान सांभाळतात तसे.

रुख्माबाईनं ताट उचलून चुलीजवळ नेलं आणि धुरपतापुढे ठेवलं. पस्तीस वर्षांच्या सवयीनं धुरपता भिंतीकडे फिरली.

"तिकडं काऊन तोंड करून राह्यली?" रुख्माबाई म्हणाली. "भिताडाले आवडते का कलेजी? इकडं फिर."

धुरपता फिरली. रुख्माबाई समोर मांडी घालून बसली, लालभडक डोळ्यांनी, आणि तिनं त्याच ताटात हात घातला. पहिला तुकडा तोंडात टाकून तिनं डोळे मिटले. "तिखट जास्त झालं," ती म्हणाली.

"दरसालच होते," धुरपता म्हणाली.

दोघी जेवत राहिल्या. ओसरीत नलूनं पुरुषांची पानं वाढली होती. रूपरावजींची तंगड्यांवर नजर होती, पण दोन्ही आत होत्या. आणि नानाजी हात लावीत नव्हते, म्हणून कोणालाच लावता येत नव्हता. लोट्यावर साय धरायला लागली होती.

धुरपता हात न धुता उठली. दारात आली. पदर खांद्यावर होता, तो तिनं वर घेतला नाही. नलूला हाक मारली नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"दादा, प्या ते. त्याले भेटलं. रोज भेटलं. कागदावर लिवलं हाये."